रेडिएटरातली गंगा

पुढच्या सीटवर कोण बसणार, यावरून कामथडीच्या साळूबाई आणि ठकुबाई या दोन जावांचं महिनाभर वाजत होतं. दोघींची वयं मिळून एकशे तीस, पण जोर पंचविशीतला. गोष्ट अडतीस सालची. भोर-पुणे रस्त्यावर सर्व्हिस मोटार चालवणाऱ्या चिमाजीने त्या वर्षी जत्रेची मोटार काढायची ठरवली होती. उज्जैन, आग्रा, दिल्ली करत हरिद्वार गाठायचं, तिथले डोंगर बघायचे आणि येताना जयपूर, पुष्कर, मारवाडचं वाळवंट, अबूचा पहाड असं करत घरी यायचं. दीड महिन्याचा प्रवास. स्वतः चिमाजी तोवर पुण्यापलीकडे गेला नव्हता. पण हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही.

निघायला आठ दिवस उरले आणि थोरल्या साळूबाई हिवतापाने अंथरुणाला खिळल्या. भांडण एकाएकी संपलं. ठकुबाईंना ते मुळीच आवडलं नाही.

"घे, म्होरली शीट घावली तुला," साळूबाई गोधडीतून म्हणाल्या. "पर माझी गंगा आन. तुझ्या हातची गंगा तोंडात पडल्याबिगर मी जीव सोडायची न्हाई."

"आनते की, अक्का. तुमी तवर दम धरा."

"धरते. पर दीड म्हयनाच. त्याच्या वर येक दीस न्हाई धरायची."

ठकुबाई गोठ्यामागे जाऊन पोटभर रडल्या. चाळीस वर्षं एका चुलीवर भांडलेल्या बाईवाचून घर कसं वाटेल, याची त्यांना पहिल्यांदाच कल्पना आली होती.

मोटारीत नऊ यात्रेकरू होते. त्यांतला वेल्ह्याकडचा कोंडिबा धनगर निघाल्यापासून खांद्यावरची घोंगडी उतरवायला तयार नव्हता. त्याने सगळा उत्तर हिंदुस्थान तोरण्याच्या मापाने मोजला. दिल्लीच्या लाल किल्ल्यापुढे उभा राहून त्याने बराच वेळ शोधाशोध केली आणि विचारलं, "ह्यो किल्ला व्हय? मग चढन कुठाय?" ताजमहालाच्या अंगणात ठकुबाईंना एकच चिंता पडली, की एवढं पांढरं अंगण रोज झाडतं कोण. हरिद्वारचे डोंगर मात्र कोंडिबाला पसंत पडले. तिथे गंगेकाठी प्रत्येकाने एकेक तांब्याचा गडू भरून घेतला आणि त्याच्या तोंडाला कथलाचा डाख देऊन तो पक्का बंद केला. हा गडू घरी जाऊन मावंद्याच्या, म्हणजे यात्रा पार पडल्याच्या जेवणाच्या दिवशी पूजा करूनच फोडायचा असतो. ठकुबाईंनी आपला गडू लुगड्यात गुंडाळला आणि तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेतला. त्यानंतर आठ दिवस त्या गडूसकट जेवल्या आणि गडूसकटच झोपल्या.

पुष्कर सोडल्यावर चिमाजीला एका उंटवाल्याने जवळची वाट दाखवली. ती उंटाला जवळची होती. दुपारी बाराच्या सुमाराला मोटार वाळूत फुसफुसली, तिच्या तोंडातून वाफेचा लोट उठला आणि ती थांबली.

"रेडेटर कोरडा पडला," चिमाजी घाम पुशीत म्हणाला. "पानी हवं."

डब्यातलं पाणी सकाळीच संपलं होतं. वाटीवाटीने तोंड धुण्याची शिस्त चिमाजीने घालून दिली होती, पण ती कोणी पाळली नव्हती. कोंडिबा पाण्याच्या शोधात निघाला आणि तासाभराने उलट्या बाजूने परत मोटारीशीच येऊन पोचला.

"डोंगूरच न्हाई, तर मानसानं चढून बगायचं कशावर?" तो रागाने म्हणाला. "आसला कसला ह्यो मुलूख!"

मग मोटारीपुढे उकिडवा बसून तो तिच्याकडे पाहू लागला. जनावर धापा टाकतंय, त्याला पाणी पाजायलाच हवं, एवढं त्याला कळत होतं. त्याने पिशवीतून आपला गडू काढला, दगडाने डाख फोडला आणि "हर हर गंगे" म्हणून सगळी गंगा रेडिएटरात ओतली. बाकीचे हायहाय करेपर्यंत गडू रिकामा झाला होता.

"आता माझी ग्येली," कोंडिबा म्हणाला. "तुमची घेऊन हितंच बसनार का?"

कोणालाही तिथे बसायचं नव्हतं. एकेक करून, कोंडिबाचा धरून, आठ गडू मोटारीच्या पोटात गेले.

चिमाजीने आत डोकावून पाहिलं. "आजून येक लागंल."

सगळ्यांनी ठकुबाईंकडे पाहिलं. त्यांनी गडू पदराखाली घेतला.

"ह्यो न्हाई मिळायचा. ही अक्काची गंगा हाय. तिचा जीव आडकलाय हिच्यात."

"आत्या, पर गाडी हितंच ऱ्हायली तर अक्काला गंगा न्हेनार कोन? उंट?" चिमाजीने विचारलं.

 ठकुबाई उठल्या, गडू कपाळाला लावला आणि स्वतःच्या हाताने डाख फोडला. ओतताना त्यांचे डोळे वाहत होते, पण थेंब एक सांडला नाही.

"चिमा, आता गंगा तुझ्या मोटारीत हाय. कामथडी येईस्तवर ह्यातला थेंब भाईर काढायचा न्हाई. वरनं घाल किती घालायचं त्ये. गंगंत मिसळलं की समदी गंगाच."

मोटार सुरू झाली, आणि चिमाजीला वाटलं, सुटलो.

पण तिथून पुढे मोटार चिमाजीची राहिली नाही. अबूच्या चढावर वाफ येऊ लागताच "गंगा उडून चालली!" असा आतून गलका झाला. ठकुबाईंनी गाडी थांबवली आणि झाकणावर ओलं फडकं बांधलं. वाटेत पाणी घालायचं तेही गाळून आणि पायांतल्या वहाणा काढून. अहमदाबादेत एका मेस्त्रीने रेडिएटर गळतोय म्हणून तो धुवायला काढला. ठकुबाई मोटारीपुढे मांडी घालून बसल्या. मेस्त्रीने हात जोडले. शेवटी गळती थांबवायला चिमाजीने ड्रायव्हरांचा जुना उपाय केला आणि रेडिएटरात हळद टाकली. यावर मात्र सगळे खूश झाले. गंगेला हळद वाहिली, हे रीतीलाच धरून होतं.

कात्रजचा घाट उतरल्यावर चिमाजीचा धीर खचला. गावात हे सांगायचं कसं?

"आत्या, आयका माझं. नसरापुराच्या वढ्याचं पानी भरू गडूत आन् लाखंनं तोंड बंद करू. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय," ठकुबाई म्हणाल्या.

साळूबाईंनी शब्द पाळला होता. दीड महिन्याला दोन दिवस बाकी होते आणि त्या जिवंत होत्या. ओटीवर त्यांची खाट होती. मावंद्याला सगळं गाव जमलं. नसरापूरचे भटजी पूजेला बसले.

"गंगेचा गडू आणा."

"गडू रिकामा हाय," ठकुबाई म्हणाल्या. "गंगा मोटारीत हाय."

भटजींनी सगळी हकिकत ऐकली. आत पुरणाचा वास दरवळत होता. थोडा विचार करून ते म्हणाले, "शास्त्रात मोटारीला मनाई आढळत नाही." मग मोटारीला हार घातला, कुंकू लावलं आणि चिमाजीने खाली निजून रेडिएटरची तोटी सोडली. तांब्यात जे पडलं ते हळदीने पिवळं आणि गंजाने लाल होतं. गावकऱ्यांनी हात जोडले खरे, पण तीर्थाला पहिला हात कोणी पुढे करेना.

ठकुबाई पळीभर तीर्थ घेऊन खाटेपाशी गेल्या. "अक्का, गंगा आनली."

साळूबाईंनी डोळे मिटून तोंड उघडलं. ठकुबाईंनी पळी रिती केली. साळूबाईंचं तोंड आधी वाकडं झालं, मग तिरकं झालं आणि त्यांनी सगळी गंगा खाटेखाली थुंकली.

"ठके, ही गंगा?"

"व्हय."

"आन् लोक हीच पिऊन मरत्यात?"

ठकुबाईंना लपवता आलं नाही. वाळवंट, कोंडिबा, नऊ गडू, हळद, सगळं त्यांनी सांगून टाकलं. साळूबाई ऐकत राहिल्या.

"म्हंजी माझी गंगा तू मोटारीला पाजलीस."

"पाजली. न्हाईतर मी तुमच्याम्होरं आज हुबी नसते."

साळूबाईंनी धाकट्या जावेकडे डोळे भरून पाहिलं. मग नाक पुसलं आणि म्हणाल्या, "असली हळदीची गंगा घिऊन मी न्हाई मरायची. माझी मी जाऊन आनीन. चिमा, म्होरल्या साली गाडी कवा काढतुयास?"

अबूच्या देवळात चिमाजीने पुन्हा कधी जत्रेची मोटार काढणार नाही म्हणून कान पकडले होते. तो काही बोलायच्या आत साळूबाईंनी पुढचं ठरवलं. "आन् म्होरल्या शिटावर मी बसनार."

"वा गं वा!" ठकुबाई भडकल्या. "दीड म्हयना बसून ती मी मऊ केलीया. आजारी मानसानं मागं निजून यावं."

एवढं ऐकणं साळूबाईंना शक्यच नव्हतं. त्यांनी गोधडी भिरकावली आणि उठून उभ्या राहिल्या. खांब धरला, मग उंबऱ्याची चौकट धरली, मग मोटारीचा मडगार्ड धरला. पावणेदोन महिन्यांत ज्या बाईने कूस बदलली नव्हती, ती बाई अंगण ओलांडून पुढच्या सीटवर चढून बसली.

ठकुबाई भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ डोळे पुशीत राहिल्या, आणि पुसता पुसता हसू लागल्या.

पंगत बसली तरी साळूबाई खाली उतरेनात. उतरलं की ठकी जागा घेईल, याची त्यांना खात्री होती. शेवटी ठकुबाईच पान घेऊन मोटारीपाशी गेल्या. त्यांनी पोळी वाढली आणि तिच्यावर तुपाची धार धरली, ती काही केल्या थांबवेनात.

"अगं पुरं, किती वाडतीस?"

"खावा गुमान," ठकुबाई म्हणाल्या. "वाट लांबची हाय."