चुकीला टॉवेल-टोपी

पिवळा टॉवेल.

खारट खिचडी.

दोन अधिक दोन, पाच. मुद्दाम.

मोटारसायकल, आणि तिच्यावर साहेब.

हे सगळं पालम तालुक्यातल्या एकाच शाळेत घडलं, आणि सुरुवात केली राजेश्री मॅडमनी. पोरं चुकायला भितात, म्हणून तोंड उघडत नाहीत, म्हणून शिकत नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. "महिन्याभरात भीती पळवते की नाही बघा," असं त्या पालकसभेत छातीठोकपणे म्हणाल्या. उपाय साधा. जो चुकेल आणि त्यातून काय शिकला ते सांगेल, त्याचा सकाळी परिपाठाला सत्कार. आणि आपल्याकडे सत्कार म्हटला की टॉवेल-टोपी आलीच.

भीती आठवड्यातच पळाली. जाताना अक्कलही सोबत घेऊन गेली. हरिओमची बेरीज रोज नव्या ठिकाणी चुकू लागली. चौथीतल्या संघप्रियाने भारताची राजधानी म्हणून जिल्ह्यातलं पोखर्णी गाव सांगितलं आणि टोपी घालून ऐटीत घरी गेली. स्वयंपाकीण धुरपताबाईंनी खिचडीत दोनदा मीठ टाकलं आणि पातेल्याशेजारी टोपीसाठी मान वाकवून उभ्या राहिल्या.

मग रंगनाथ आला. "मॅडम, आमच्या पप्पूला टॉवेल का न्हाई?"

"त्याचं सगळं बरोबर येतंय हो."

"म्हंजे पोरगं हुशार निघालं हा आमचा गुन्हा का? भावकीत लोक हसायलेत. मी साहेबाकडं जायलोय."

दुसऱ्याच दिवशी नवे केंद्रप्रमुख भगवानराव दारात! मॅडमना वाटलं, रंगनाथने तक्रार केलीच. आता उपक्रम बंद, वर नोटीस. साहेबांनी काही विचारायच्या आतच त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"चुकीला सत्कार?" साहेबांनी खडू उचलला. "पोरांना बरोबर करायची सवय लावा, मॅडम. बघा रे इकडं." चारशे आठ भागिले चार. झोकात उत्तर लिहिलं: बारा.

पप्पूचा हात वर.

"साहेब," पप्पू म्हणाला, "मधलं शून्य राहिलं."

संघप्रिया टॉवेल-टोपी घेऊन उठलीच. मॅडमनी डोळे मिटले.

"काय शिकलात ते आधी सांगा, साहेब. त्याबिगर टोपी न्हाई," संघप्रिया म्हणाली.

भगवानरावांनी फळ्यावर मधलं शून्य भरलं. मग तिच्या हातातल्या टॉवेलनेच त्यांनी घाम पुसला. "दुसऱ्याला शिकवायच्या घाईत आपलं शून्य विसरू नये," ते म्हणाले आणि टोपीसाठी वाकले.

टाळ्या थांबल्यावर ते मॅडमना म्हणाले, "चालू द्या. फक्त मुद्दाम चुकणाऱ्याला काही देऊ नका. आणि चूक दाखवणाऱ्यालाही एक टॉवेल द्या."

पप्पू टॉवेल खांद्यावर टाकून घराकडे पळत सुटला.

रंगनाथ साहेबांकडे गेलाच नव्हता. भगवानरावांना त्या सकाळी शेजारच्या गावच्या शाळेत जायचं होतं. ते फाट्यावर वळायला चुकले होते.