तीन घरं पुढे

आमच्या तौर सरांची किराण्याची यादी दुकानदाराला वाचता येत नसे. ती सांकेतिक लिपीत असायची आणि सोडवून सांगायला सर स्वतः दुकानात हजर. मी विचारलं, "मग लिहिता कशाला?"

"बंदोबस्त पाहिजे," सर म्हणाले.

नव्वदच्या दशकात परतूरच्या आमच्या शाळेत एकुलता एक कॉम्प्युटर आला आणि गणिताच्या या माणसाने त्याचा ताबा घेतला. त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर घातला की प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकायचं, हे मला पुढे कळलं. 'ए'चा 'डी', 'बी'चा 'ई'. अंतरवाली सराटीला दिलेल्या धाकट्या बहिणीशी त्यांचा पत्रव्यवहार याच लिपीत चाले, तोही पोस्टकार्डावर.

"आंतरदेशीय का नाही पाठवत?"

"ते वाफेवर उघडतंय. तिच्या सासरी कार्ड आधी समदे वाचतात. आता वाचा म्हणावं."

दुसऱ्याचं पत्र वाचू नये, असं मी मराठीच्या तासाला मुलांना शिकवतो. पण एका रिकाम्या तासाला शिपायाने शिक्षकांच्या खोलीत सरांच्या बहिणीचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि मला खुमखुमी आली. कार्डावर जिकडेतिकडे 'डी'. आपल्या बोलण्यात 'आ' फार, म्हणजे 'डी' हा 'ए' असणार. सुरुवातीच्या 'जीडीजीडी'चं लगेच 'दादा' झालं. तास संपायच्या आत सगळं उलगडलं: 'दादा, सतरा नंबरचा फॉर्म भरला. हितं कुणालाच सांगितलं न्हाई. बीजगणित पाठव.'

बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. मला स्वतःची लाज वाटली. सरांना जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, घाबरले.

"किती वेळ लागला?"

"अर्धा तास."

"तिचा दीर अंबडला कॉम्प्युटर क्लास करून राह्यला. त्याला कळलं तर परीक्षा बंद."

"मग कुलूप पक्कं करा की."

"येतं ना मला. एका शब्दाची किल्ली करायची, प्रत्येक अक्षर निराळं सरकवायचं. तुमच्यानं जन्मात सुटायचं न्हाई. पण तिच्याजवळ कॉम्प्युटर न्हाई. चुलीपुढं बसून बोटावर मोजती, डाळ शिजस्तोवर. नववीतून मीच काढल्तं तिला. स्थळ चांगलं आल्तं."

मग त्यांच्या एका सवयीचा अर्थ माझ्या लक्षात आला. प्रोग्राम चुटकीसरशी मजकूर देई, तरी प्रत्येक कार्ड पेटीत टाकण्याआधी सर घड्याळ समोर ठेवून स्वतः बोटांवर मोजत सोडवायचे. वीस मिनिटांच्या वर गेलं की फाडायचे आणि आणखी थोडक्यात लिहायचे.