बागुलकाकांची झडती

समोरच्या फ्लॅटमधले बागुलकाका आमच्याकडे चहाला आले की जाताना दारात थांबतात, पँटचे दोन्ही खिसे उलटे करतात आणि म्हणतात, "बघून घ्या, काही नेलं नाही." खिशातून रुमाल, आल्याच्या वड्यांची पुडी आणि एखादा स्क्रू निघतो. स्क्रू कॅमेऱ्याचा असतो.

काका नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. तिथे नोटा छापतात, त्यामुळे सुटताना रोज झडती. एकतीस वर्षांची सवय जाते कुठे, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली होती.

सोसायटीत चार कॅमेरे बसले ते काकांच्याच हट्टाने. त्यांचा स्क्रीनही काकांच्या हॉलमध्ये. टीव्ही ते बघतच नाहीत. तिसऱ्या मजल्यावरून केळ्याची सालं कोण टाकतं, हे त्यांनी शोधलं. जोशांच्या गाडीला कोण घासून गेलं, हेही शोधलं. तो मी होतो. "मंगळवार, सव्वाअकरा," एवढंच ते माझ्या कानात म्हणाले आणि मी मुकाट जोशांची बेल वाजवली. कोणी कोणावर संशय घेतला की काकांचं पालुपद ठरलेलं, "आधी फुटेज, मग तोंड."

गेल्या महिन्यात जगतापवहिनींचं चांदीचं निरांजन गेलं. त्यांच्याकडे भांडी घासणारी मंगल त्या आठवड्यात भरलेली पिशवी घेऊन जाताना कोणाला तरी दिसली होती. तेवढ्यावर निकाल लागला. तिची सहाही घरची कामं सुटायची वेळ आली. जिन्यात बसून ती एकच म्हणत होती, "मी नाय वो घेतलं. पोरीची शपथ."

काका दोन दिवस स्क्रीनसमोरून हलले नाहीत. मग आम्हाला बोलावून दाखवलं. गुरुवारी संध्याकाळी वहिनी दत्ताच्या देवळात निघाल्या तेव्हा ताटात दोन निरांजनं, परत आल्या तेव्हा एकच. दुसरं पुजाऱ्यांनी जपून ठेवलं होतं.

वहिनी ओशाळल्या. तरी मीटिंगमध्ये ठरलंच, यापुढे कामवाल्या बायकांच्या पिशव्या गेटवर तपासायच्या, खबरदारी म्हणून. काका एकटे विरोधात होते. हात वर करणाऱ्यांत मीही होतो, हे सांगायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मंगल काम आटोपून गेटवर आली, तर तिच्या पुढे काका दोन्ही हात वर करून उभे. वॉचमन हसायला लागला. "काका, तुमचं काय तपासायचं?"

"हसू नको. खिसे बघ, पाकीट उघड, नीट बघ. मग मागच्या स्कूटरवाल्या वहिनींची पर्स. मग हिची पिशवी."

स्कूटरवर जगतापवहिनीच होत्या. मागे हॉर्न वाजायला लागले, पण काका जागचे हलेनात. संध्याकाळपर्यंत तो नियम रद्द झाला.

चहाला आले तेव्हा मी म्हणालो, "काका, तुम्हाला तर झडतीची सवयच होती."

त्यांनी कप खाली ठेवला. बायकोबद्दल बोलताना त्यांच्या तोंडी मधूनच अहिराणी येते. "सवय होत नाही रे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हिने विचारलं, झडती घेता म्हणे? म्हटलं, आपली नाही घेत, आपल्यावर साहेबांचा विश्वास शे. एकतीस वर्षं तेच सांगत राहिलो. नामपूरला माहेरी गेली की ती चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगायची."

"मग आता हे खिसे?"

"ती गेल्यापासून दाखवतो. आता लपवायचं कोणापासून?"

ते उठले. दारात नेहमीसारखा खिशात हात घातला. मी तो धरला आणि तसाच धरून त्यांना त्यांच्या दारापर्यंत सोडून आलो.