साठ कुलपं आणि एक खिडकी

फायदा-तोटा तोलल्याशिवाय चावीवाला शिंकतसुद्धा नसे! असंच तोलून त्याने मेहुण्याला भागीदारीतून कटवलं होतं. मेहुणा खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या करायचा.

"जाळ्यांत काय ठेवलंय?" त्याने बायकोला सुनावलं होतं. "ठिणग्या उडणार, उंचावर चढावं लागणार. नुसती जोखीम! कुलपात बघ, फायदाच फायदा."

फायदा मात्र अजून यायचा होता. तीन महिन्यांत सायकलच्या चार चाव्या, बस! आज अकराला साठ घरांच्या इमारतीच्या सेक्रेटरीबाई येणार होत्या. हे काम हुकलं तर दुकानालाच कायमचं कुलूप लागणार होतं.

म्हणून पठ्ठ्याने सकाळीच दुकानाच्या दाराला आपलं सगळ्यात भारी कुलूप बसवलं. दार ओढलं की आपोआप लागणारं. वर पाटी: 'हे कुलूप कुणाच्या बापालाही उघडता येणार नाही!' पाटीवरची धूळ पुसायला तो बाहेर आला, वारा सुटला आणि दार खट्ट!

एक चावी आत खिळ्याला. दुसरी, सुरक्षित राहावी म्हणून, आत खणात. हत्यारंही आत. वाजले होते पावणेअकरा.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "अहो, बाहेर काय येरझाऱ्या घालताय? दार लागलं ना?"

"हळू बोल!"

"मग उघडा की. धंदाच आहे तुमचा."

"उघडलं तर कुलूप कुचकामी ठरतं!"

"मग नका उघडू."

"नाही उघडलं तर मी कुचकामी ठरतो!"

त्याने तिच्या अंबाड्यातली पिन उपसली, कुलपाशी नेली, मागे घेतली, पुन्हा नेली. कपाळावरून घामाच्या धारा!

"दादाला बोलावू का?" बायकोने विचारलं.

"त्याचं नावसुद्धा काढू नकोस!"

आणि सेक्रेटरीबाई आल्या. दहा मिनिटं आधीच! चावीवाल्याने पिन कानामागे खोचली. "या, या! मुद्दामच लावून ठेवलंय. तुम्हीच उघडून बघा!"

बाईंनी मूठ पिरगाळली, दार हलवलं, शेवटी पदर खोचून एक लाथही घातली. दार ढिम्म!

"कमाल आहे हो! साठच्या साठ घेते. आत्ताच टाका गाडीत."

चावीवाल्याची छाती फुगली. "घ्या ना!"

"कुठे आहेत?"

"आत."

बायकोला चहाचा ठसका लागला.

तेवढ्यात त्याला मागची खिडकी आठवली. "मिनिटभर थांबा!" म्हणत तो दुकानामागे पळाला. खिडकी ढकलली, आत उडी टाकली, रंगाचा डबा लवंडला, आणि आतून दार उघडून निळ्या पायांनी तो उभा राहिला.

बाई मात्र त्याच्या खांद्यावरून मागे बघत होत्या. "तुम्ही त्या खिडकीतून आलात?"

"अर्ध्या मिनिटात!" त्याने ऐटीत सांगितलं.

"अर्ध्या मिनिटात," बाई पुटपुटल्या. "आमच्या खिडक्या तर याहून मोठ्या आहेत. कुलपांचं राहू द्या हो, आधी जाळ्या बसवायला हव्यात. आहे का कुणी ओळखीचं?"

बायकोने कधीच फोन लावला होता. "दादा, खिडक्या मोजायला ये. हो, साठ घरं!" मग फोनवर हात ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "शिडीवर चढायला माणूस हवाय म्हणे त्याला. येणार का?"

चावीवाल्याने न खपलेल्या साठ कुलपांकडे पाहिलं, मग आपल्या निळ्या पायांकडे. फायदा-तोटा तोलला.

"किती उंच?" त्याने हळूच विचारलं.