मालिका संपल्यावर राहिलेली माणसं

किनाऱ्यावरची मालिका बंद पडली तेव्हा कलाकार मुंबईला परतले आणि पात्रं देवझर बंदरातच राहिली.

ग्रामपंचायतीने सभा घेतली. ज्या घरात ज्याचं शूटिंग झालं, त्या घराने ते पात्र सांभाळावं असं ठरलं. इन्स्पेक्टर जेटीवर उभा राहू लागला. खलनायक काकाला मासळीच्या लिलावात काम मिळालं. थोरली सून गौतमी सुलभाकाकी कुबल यांच्याकडे आली, कारण मालिकेतलं स्वयंपाकघर त्यांचंच होतं.

काकी विधवा, मुलगा मस्कतला. एकटीसाठी कशाला रांधायचं म्हणून सकाळचाच भात त्या रात्री खायच्या.

पहिल्या दिवशी गौतमीने काकींना वाढलं आणि पदर खोचून दाराशी उभी राहिली.

“तू पण बस गो,” काकी म्हणाल्या.

“मला जेवता येत नाही.”

ते खरं होतं. मालिकेत तिने सगळ्यांना वाढलं होतं, पण तिला जेवताना कधी दाखवलंच नव्हतं.

काकींनी शिकवलं. घास केवढा घ्यायचा, बांगड्याचा काटा कसा काढायचा. गंभीर काही बोलली की गौतमी, जणू तिथे कॅमेरा असावा तशी, बराच वेळ भिंतीकडे बघत राहायची; तेवढं सोडलं तर तिचा त्रास नव्हता. काकी दोन्ही वेळ चूल पेटवू लागल्या.

पावसाळा सरला आणि गौतमीचं काम करणारी ऋजुता आली. चेहरा तोच, फक्त थकलेला.

“काकी, मला हिला न्यायचंय.”

“कित्याक?”

“नवीन मालिका आहे. असाच समुद्र, अशीच सून. ऑडिशनला गेले तर तोंडातून शब्द फुटेना. सगळं हिच्याकडेच राहिलंय. आईचा फोन आला तरी काय बोलायचं ते सुचत नाही.”

काकींनी सरपंच परबांना बोलावलं. “पात्राची संमती हवी,” परब म्हणाले. “पंचायत जबरदस्ती करू शकत नाही.”

गौतमीने भिंतीकडे पाहिलं. मग काकींकडे.

“मी गेले तर तुम्ही जेवाल ना?”

काकींना नाही म्हणायचं होतं. पण ऋजुताचा फोन वाजला; आईचं नाव बघून तिने तो पालथा ठेवला.

“जेवतलंय मी. जा तू.”

दोघी एसटीत चढल्या. कंडक्टरने एकच तिकीट फाडलं.

नवीन मालिका सुरू झाली तशी काकींनी टीव्ही लावला. गौतमी छान दिसत होती. काकींनी तिला हाक मारली. तिने वळून पाहिलं, पण ते सासूकडे होतं.

दुसऱ्या दिवशी काकी पंचायतीत गेल्या.

“पात्रं वाटून संपली, काकी,” परब म्हणाले. “आता बाजारातल्या गर्दीतली माणसं तेवढी उरलीत. समाजमंदिरात बसून असतात. त्यांना नावं नाहीत, संवाद नाहीत.”

“त्यातला एक माका दिया.”

संध्याकाळी एक बाई आली. तिला कायम पाठमोरीच दाखवलेलं असल्याने ती दारातून उलटीच आत शिरली. काकींनी पाट मांडला, तशी ती कोपऱ्याकडे तोंड करून बसली.

काकींनी आपला पाट उचलला, कोपऱ्यात टाकला आणि तिच्यासमोर बसल्या.

“तुका हाक काय मारू?”

बाई विचारात पडली. हे तिला कोणी विचारलं नव्हतं. काकी थांबून राहिल्या.