दिगूमामांचा कठडा

दिगूमामा सुतार जिन्याचं माप टेपनं घेत नाहीत, माणसाच्या हातानं घेतात. बोरीत आमचं किराणा दुकान खाली, घर वर, मध्ये सोळा पायऱ्यांचा उघडा जिना. त्याला लाकडी कठडा करायला मामा आले आणि पहिल्याच दिवशी घरातल्या एकेकाचा हात धरून मिनिटभर दाबून बसले. माझी बायको ओशाळून गेली. मामांचं आपलं एकच, "सबूर धरा. दांडी मुठीत बसली पायजे."

ही सबूर मी तीन महिने धरली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. धरायला काही नाही म्हणून ती वर अडकून पडलेली. तिला गल्ल्यावर बसायचं होतं, गिऱ्हाइकांशी बोलायचं होतं. रोज विचारायची, "झाला का रे कठडा?" काय सांगणार, कप्पाळ?

मामांनी सागाची दांडी केली, बसवली आणि दुसऱ्या दिवशी उपटली. जोडावर अंगठा अडकायलाय म्हणे. मला काही अडकेना. परत रंधा, परत पॉलिशपेपर. मग मला साखरेचं पोतं पाठीवर देऊन जिना चढायला लावला. "आप्पा, तुमचा डावा हात कुठं जायलाय ते बघायलोय." पोतं उतरवल्यावर माझा डावा हात कमरेवरच गेला.

चार वाजले की मामा हजर. आईला हाताला धरून चार पायऱ्या खाली आणायचे, परत वर न्यायचे. मापासाठी, म्हणे. आई चहा द्यायची, "दिगू, जेवलास का?" विचारायची. साठी उलटलेला हा माणूस मान खाली घालून "व्हय अक्का" म्हणायचा.

शेवटी माझं डोकं फिरलं. "मामा, उद्या झालं नाही तर परभणीहून स्टीलचा पाईप आणून ठोकतो." मामांनी रंधा उचलून पिशवीत टाकला. सबूरसुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कठडा उभा होता. आई एकटी, कुणाचाही हात न धरता सोळाच्या सोळा पायऱ्या उतरली, गल्ल्यावर बसली आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला त्याच्या सुनेची खबर विचारू लागली. मला भरून आलं. कठड्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

"मामा, एका दिवसात कसा झाला?"

"झाला तर महिन्याखालीच होता, आप्पा," मामा हत्यारं पिशवीत भरत म्हणाले. "थोरली बहीण गेली तवापासून मला दिगू म्हणणारं कुणी न्हाई. जेवलास का म्हणून इचारणारं बी न्हाई. म्हणून लांबवलं. चुकलं माझं."

म्हणजे महिनाभर माझी आई उगीच वर कोंडून. लय राग आला. पण भांडायचं त्राण नव्हतं, आणि समोर उभ्या माणसाकडं बघून ते आणावंसंही वाटेना.

आईनं सगळं ऐकलं होतं. "दिगू, उद्या चारला ये," ती म्हणाली.

"आता काय म्हणून येऊ, अक्का? काम तर झालं."

आई शेंगदाणे तोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कामाचं कोण बोलायलंय?"

मामा पिशवी घेऊन तसेच उभे राहिले. मी स्टूल त्यांच्यापुढं सरकवलं.