लिंबाजी सर आणि माळावरचे उंदीर

नवा भाडेकरू आला की शेजारी विचारतात, गाव कोणतं, घरी कोण कोण असतं. लिंबाजी सरांनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्या खोलीत कोणते हायत?"

"कोण?"

"उंदीर ओ! बारके का घुशी?"

पालमच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. ट्रंक अजून दारातच होती. मी म्हटलं, अजून कुणी दिसलं नाही. सर खट्टू झाले. मग मलाच धीर देत म्हणाले, "येतील. आन् आले तरी त्यांना इथलं समजू नका. घरातले उंदीर माणसाच्या पोत्यामागं आलेले पाव्हणे. खरे इथले ते माळावरचे."

सर निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. अंगानं काटकुळे, पायात टायरच्या चपला, खिशात मोजपट्टी. घरी एकटेच. एका जागी बसलेलं मी त्यांना पाहिलंच नव्हतं. चहासुद्धा अंगणात येरझारा घालत प्यायचे, आणि बशी कुठं ठेवली ते दुसऱ्या दिवशी शोधायचे. बोलताना स्वतःच विचारायचे, "सबब काय?" आणि स्वतःच उत्तर द्यायचे.

"माळावरच्या उंदराचे मागचे पाय लांब. सबब काय? उघड्या रानात आडोसा न्हाई, उडी मारून पळावं लागतं. डोळे मोठे, कान तिखट. सबब काय? घुबडाची चाहूल लांबूनच लागावी. पाणी मिळालं तर पितो, न्हाईतर दाण्यातल्या ओलीवर भागवतो. लाखो वर्षांत जिकडं जिकडं रान कोरडं पडत गेलं, तिकडं तिकडं ही मंडळी पसरत गेली!"

हे त्यांनी सोनपेठला एका लग्नाच्या पंगतीत, ताटावरून उठून, वाढप्याला हातवारे करून सांगितलं होतं. वाढप्याच्या हातात बुंदीचं घमेलं होतं. उंदराची उडी दाखवताना सरांचा हात त्याला लागला. अर्धी बुंदी नवरदेवाच्या मामाच्या फेट्यावर गेली.

दर रविवारी सर गावाबाहेरच्या माळावर बिळं मोजायला जायचे. थंडीत एकदा मीही कुतूहलानं गेले. माळाला लागून कौसाबाईंचं रान होतं. त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. हुरड्यातून पुढं सरकलेली ज्वारी राखायला साठीच्या कौसाबाई एकट्याच मागं राहिलेल्या.

त्या दिवशी त्या बांधावर विषाची पुडी घेऊनच उभ्या होत्या.

"सर, आता मी ऐकायची न्हाई. पोरगं म्हणलंय फोनवर, औषध टाक. धाटं कुरतडून कणसं पाडायलेत."

"अवो, कामून घाई करायलाव? तुमच्या कोंबड्या मरतील. घुबड मरंल. घुबड गेलं की उंदीर दुप्पट."

"मग माझी ज्वारी तुमी राखायलाव का?"

सरांचं एक पाय उचल, दुसरा टेकव असं चाललं. त्या रानातली बिळं ते तीन वर्षं मोजत होते. शेवटी म्हणाले, "टिकाव द्या."

आणि त्यांनी आपल्याच अभ्यासाचं रान खणायला घेतलं. पुढचे तीन रविवार आम्ही तिघं तेच करत होतो. सर खणायचे, मी ढेकळं फोडायची, कौसाबाई काठी घेऊन उभ्या राहायच्या. "याला चोरदार असतं," सर सांगायचे, "वर पापुद्र्याएवढी माती ठेवतो. साप आत शिरला की डोक्यानं माती फोडून पसार!" ते चोरदार एकदा नेमकं माझ्या पायाखाली निघालं. मी किंचाळले, कौसाबाईंची काठी माझ्याच नडगीवर बसली, आणि झुबकेदार शेपटीचा उंदीर टणाटणा उड्या मारत माळाकडं गेला.

सर टाळ्या वाजवायला लागले. "पांगले! मॅडम, बघा, हेच ते! असेच पसरले हे!"

"पसरले न्हवं, पळाले," कौसाबाई म्हणाल्या. "आन् माझी कणसं कुठायत?"

बिळात निघाली मूठभर.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की पोहोचल्याबरोबर सर बिळाकडं जातच नाहीत. आधी कौसाबाईंच्या खोपीतली घागर हलवून बघायचे. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पुढं करून विचारायचे, "कालची कामून राहिली?" मग स्वतःच्या फोनवर त्यांच्या मुलाला लावून द्यायचे. उसाच्या फडातून त्याचा चेहरा दिसला की कौसाबाई पदर सावरायच्या. सर तेवढा वेळ लांब जाऊन उगाच मोजपट्टी ताणत राहायचे. नंतर कळलं, माळाच्या कडेनं अशी आणखी चार रानं होती, तिथंही म्हातारी माणसंच मागं राहिलेली, आणि तिथंही सर 'बिळं मोजायला' जायचे.

तिसऱ्या रविवारी जेवण करून कौसाबाई ज्वारीत गेल्यावर मी विचारलंच, "सर, उंदरांसाठी येता की यांच्यासाठी?"

ते टिकावाची माती काढायला लागले.

"माझी आई त्या तिकडच्या वस्तीवर राहायची. एकटी. मी पाथरीला नोकरीला. रविवारी याच माळावर यायचो. इथून घर दिसायचं. वाट ओढ्याला वळसा घालून अर्ध्या तासाची. पण बिळं मोजून होईस्तोवर ऊन उतरायचं, मग एसटी चुकंल म्हणून परत फिरायचो. पुढच्या खेपेला जाऊ म्हणायचो." त्यांनी टिकाव उलटा करून दुसऱ्या बाजूची माती खरवडली. "ती गेल्यावर शेजारीण म्हणली, म्हातारी दर रविवारी कवठाखाली उभी राहायची. माळावर वाकलेला माणूस तिला वळखू यायचा. आमी शेजारी म्हणायचो, हाक मार. तर म्हणायची, नको, कामात हाय तो."

 सरांनी खाली वाकून शेवटचं बीळ बुजवलं, वरून पाय दिला.

कौसाबाई ओट्यात कणसं घेऊन आल्या. "पुढच्या ऐतवारी कोणतं बीळ?"

"संपली की ओ," सर म्हणाले. "तुमच्या रानात आता एक पण न्हाई." टिकाव परत द्यायला त्यांनी पुढं केला खरा, पण तो त्यांच्या हातून सुटेना.

कौसाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग टिकाव ओढून घेतला.

"मग तसंच या," त्या म्हणाल्या, आणि चूल पेटवायला खोपीत गेल्या.